डबा 10 किलोचा, फळ पावणेसात किलोचं

नाताळचा केक करणारे बेळगाव-खानापूरकडचे लोक टुटीफ्रुटी आणि चेरी नोव्हेंबरातच भरतात, फळं रममध्ये मुरत घालायची असतात ना. सुट्या मालाची फसवणूकही तेव्हाच होते. यंदा घाऊक विक्रेत्यानं नमुना दाखवला कोरडा, सुटसुटीत. दिलेला 10 किलोचा डबा चाळणीत अर्धा तास निथळला तर फळ भरलं 6 किलो 700 ग्रॅम. बाकी सगळा रंगीत पाक, फळाच्या भावानं. बिलावर नुसतं ‘टुटीफ्रुटी 10 किलो’, त्यामुळं भांडायलाही जागा नाही.

पाक गेला तो गेला, खरी खोट तुकड्यातच होती. सुरीनं मधोमध कापला तर बाहेरून लाल आणि आत पांढरट, कच्च्या पपईसारखा करकरीत गाभा. चांगला तुकडा आरपार काचेसारखा दिसतो. त्यासाठी कच्च्या पपईचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवून घट्ट करतात, धुऊन उकळतात, आधी पातळ पाकात सोडतात आणि रोज पाक थोडा थोडा दाट करत नेतात. पाच-सहा दिवस जातात. साखर वजनाच्या किमान 70 टक्के हवी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. घाई करणारा पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकतो. तुकड्यातलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं, कडा आक्रसतात आणि साखर आत शिरतच नाही. असा तुकडा केकमध्ये पाणी सोडतो, भोवती ओलं कच्चं कडं धरतं, चार दिवसांत बुरशी. बरणीत ठेवला तर फेस आणि आंबूस वास.

कुंद्यात, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईत, कमी-जास्त झालं तर बेळगावकर जिभेवर ओळखतो. टुटीफ्रुटी मात्र रंग बघून घेतो.

‘चेरी’ बहुतेकदा करवंदच असते. ते वाईट नाही, पण चेरीच्या भावानं घेऊ नका. कापून बघा: चेरीत एकाच मोठ्या बीची पोकळी असते, करवंदात बारीक चपट्या बियांच्या खुणा. संत्र्याच्या सालीला एका बाजूनं तेलाची छिद्रं, दुसऱ्या बाजूनं पांढरा गर आणि किंचित कडवटपणा हवाच. सहाही बाजू सारख्या असतील तर ती इसेन्स लावलेली पपई.

डबा दुकानातच उघडून घ्या, निथळलेलं वजन बिलावर लिहून घ्या आणि डब्यावरचा अन्नसुरक्षेचा 14 आकडी परवाना क्रमांक बघा. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

घरी येऊन पडलेला माल आंबला नसेल तर वाचतो. निथळलेल्या 1 किलोला पाऊण किलो साखर, वाटीभर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. रस नसेल तर साखरेचे खडे होतात. मंद आचेवर उकळी आणून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पाक आटवून पुन्हा मुरवा. गाभ्याचा पांढरेपणा गेला की निथळून वापरा.