‘हो’चा भाव साडेसहा: गोव्याच्या निकालावर आमच्या घरात घातलेला दरोडा

फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला. सांत आंद्रेत ७६ मतांनी. पणजीत ७१६. साखळीत तर खुद्द मुख्यमंत्री सुरुवातीच्या फेऱ्यांत मागे होते, शेवटी ६६६ मतांनी तरले. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीतले हे आकडे मुद्दाम आधी देतोय. अशा राज्यात ‘निकाल आम्हाला आधीच कळतो’ असं सांगून पैसे उकळणारी टोळी तेव्हा आमच्या घरापर्यंत पोचली होती. आता २०२७ ची निवडणूक जवळ आली आहे आणि त्याच थाटाचे मेसेज पुन्हा फिरू लागले आहेत. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

त्या वर्षी मतदान १४ फेब्रुवारीला झालं आणि मोजणी १० मार्चला. मध्ये तीन आठवड्यांहून जास्त दिवस नुसती चर्चा. उत्तर प्रदेशातला शेवटचा टप्पा ७ मार्चला होता आणि तो संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदी. फोंड्यातल्या कुठल्याही हॉटेलात पातळभाजी-पाव मागवा, बाजूच्या टेबलावर हाच विषय. लोक आकड्यासाठी तहानलेले होते आणि नेमक्या त्याच दिवसांत एका ॲपची लिंक आली. माझ्या भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाने आम्हा तिघांना, म्हणजे मला, भाच्याला आणि डिचोलीच्या माझ्या मेव्हण्याला, ग्रुपमध्ये घेतलं.

मांडणी त्यांनी फार हुशारीने केली होती. हा मटका नाही, हा अंदाजांचा बाजार आहे, अमेरिकेत आयोवा विद्यापीठ १९८८ पासून असा बाजार चालवतं, असं त्यात होतं. ही माहिती खरीच आहे. तिथे अभ्यासासाठी असा बाजार चालतो, माणसाला ५०० डॉलरपेक्षा जास्त घालता येत नाहीत आणि कुठल्या आकड्यावर कोणाला पैसे मिळणार हे आधीच लिहिलेलं असतं. आमच्या मेसेजमध्ये विद्यापीठाचं नाव होतं, या दोन अटी नव्हत्या.

पद्धत सोपी. एक प्रश्न, त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन बाजू, दोन्हींचे भाव मिळून दहा रुपये. ‘हो’ साडेसहाला असेल तर ‘नाही’ साडेतीनला. उत्तर ‘हो’ ठरलं तर ‘हो’वाल्याला दहा, ‘नाही’वाल्याला शून्य. साडेसहा भाव म्हणजे पासष्ट टक्के शक्यता, असं ग्रुपवर रोज सकाळी चित्र काढून टाकायचे. लोक ते चित्र पुढे पाठवायचे आणि दुपारपर्यंत ते ‘आतली बातमी’ होऊन परत यायचं.

आमच्यासमोरचा प्रश्न होता: ‘भाजपला स्पष्ट बहुमत मिळणार का?’ मी ‘नाही’ घेतलं. त्यामागे माझा विचार होता. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ जागा मिळाल्या होत्या, भाजपला १३, तरी भाजपच्या मनोहर पर्रीकरांनी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना घेऊन सरकार बनवलं. गोव्यात जागा किती येतात हा एक प्रश्न आणि सरकार कोणाचं येतं हा दुसरा. ४० जागांच्या सभागृहात बहुमत म्हणजे २१. मेव्हण्याने ‘हो’ घेतलं, बऱ्याच मोठ्या रकमेचं.

मोजणीच्या सकाळी मी टीव्ही आणि फोन दोन्ही समोर ठेवून बसलो होतो. टीव्हीवर मुख्यमंत्री पिछाडीवर अशी पट्टी आली. खरा बाजार असता तर अशा बातमीने मिनिटाभरात भाव कोसळला असता. आमच्या फोनवर ‘हो’ साडेसहालाच. पुढच्या फेरीत चित्र पालटलं, तरी साडेसहाच. समोर विकणारा-घेणारा कोणीच नव्हता. कोणीतरी बसून आकडा टाकत होतं आणि त्या सकाळी तो टाकायला त्याला सवड झाली नव्हती.

निकाल आला: भाजप २०. एकविसाला एक कमी. पुढे मगोचे दोन आणि तीन अपक्ष यांचा पाठिंबा मिळाला, पण मोजणीचा आकडा वीसच. माझ्या हिशेबाने उत्तर ‘नाही’. संध्याकाळी ॲप उघडलं तर प्रश्नच बदललेला होता. आता तिथे लिहिलं होतं, ‘भाजपचं सरकार येणार का?’ आणि उत्तर ‘हो’. आदल्या रात्रीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, तो मी ग्रुपवर टाकला. ॲडमिनचं उत्तर आलं की सरकार त्यांचंच येतंय, म्हणजे बहुमतच झालं. थोड्या वेळाने मला ग्रुपमधून काढून टाकलं.

माझे गेले ते साडेचार हजार. खरा घाव मेव्हण्यावर बसला, आणि ‘हो’ का जिंकवलं हे त्यावरूनच कळलं. ‘हो’वाले जास्त होते. त्यांच्या खात्यात स्क्रीनवर मोठमोठ्या रकमा दिसू लागल्या. मेव्हण्याला ८६ हजार दिसत होते. त्याने पैसे काढायला घेतले तेव्हा मेसेज आला: जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आधी भरा, मग पैसे सुटतील. त्याने मला फोन केला, “भावोजी, कर तर सरकारचाच आहे, भरायलाच हवा ना?” मी नको म्हणत होतो, पण समोर ८६ हजार दिसत असताना माणूस ऐकत नाही. त्याने २५,८०० रुपये पाठवले. मग ‘खातं पडताळणी’चे वेगळे मागितले, तेही दिले. नंतर ॲप उघडेनाच.

हे नीट लक्षात घ्या. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर लागतो हे खरं, पण तो पैसे देणाराच कापून घेतो आणि उरलेले तुमच्या हाती ठेवतो. जिंकलेला माणूस स्वतःच्या खिशातून आधी कर भरतो आणि मग त्याला रोख बक्षीस मिळतं, असं कुठेच नसतं. ही मागणी आली की समोर चोर आहे. तोवर गेलेले पैसे सोडा आणि पुढचा रुपया देऊ नका.

दुसरी खूण खात्यांची. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या नावाच्या खात्यात मागितले गेले, कंपनीच्या नावाने एकदाही नाही. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा त्यातल्या एका खात्यात थोडी रक्कम अडवता आली. बाकी पैसे कधीच पुढे गेले होते. मेव्हण्याच्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेली ती रक्कम होती. तिला ते वर्ष कर्ज काढून करावं लागलं. त्या पोरीचा काय दोष होता?

मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. २०२२ मध्ये गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात साधारण २८-२९ हजार. इतक्या छोट्या जागी कोणी लाखभर रुपये घालून एका उमेदवाराचा भाव वर नेला आणि त्याचं चित्र गावभर फिरवलं, तर ती हवा विकत घेतलेली असते. जिथे निकाल सत्त्याहत्तर मतांवर लागतो, तिथे अशी हवा निरुपद्रवी नाही.

आता कायदाही स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे तक्रार करायला घाबरू नका. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये सेबीनेही, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनेही, सांगितलं होतं की असे अंदाजांचे सौदे तिच्या देखरेखीखाली येत नाहीत. म्हणजे ‘सेबी मान्यताप्राप्त’ असा शिक्का दिसला तर तो खोटा आहे.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग सायबर पोलिसांकडे जा. ज्या खात्यात पाठवले त्याचं नाव, व्यवहाराचा क्रमांक आणि प्रश्नाचा मूळ मजकूर दिसणारा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळी चॅट स्वतःला मेल करा. आणि रात्र झाली, घरच्यांना काय सांगू, सकाळी बघू असं म्हणत थांबू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात त्याच रात्री सरकतात.