पोटावरचा पट्टा आणि अठरा हजार रुपये

ज्या गर्भसंस्कार केंद्रात मी फसले होते, त्याच केंद्रातून परवा माझ्या जावेला फोन आला. तिला पाचवा महिना लागलाय. म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या वेळीही मोफत शिबिरच होतं. आधी अभिमन्यूची गोष्ट, मग पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं. "सातव्याच्या आत संगीत पोचलं नाही तर पेशी जुळायच्या राहतात ताई, नंतर काही करता येत नाही," असं तिथल्या बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. पोटावर स्पीकरचा पट्टा बांधला, बाळानं लाथ मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. त्याच भरात अठरा हजार भरले. पट्टा, रागांचा पेनड्राइव्ह आणि दर महिन्याला 'बौद्धिक विकासाचा अहवाल'.

पहिला अहवाल आला तेव्हा शिबिरात ओळख झालेल्या मैत्रिणीच्या अहवालाशेजारी ठेवून पाहिला. आलेख तोच, फक्त नाव वेगळं.

मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं, हे खरं. पण बाहेरचे उंच स्वर आत पोचेपर्यंत बरेच विरतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच जातो. पोटाला स्पीकर चिकटवून मोठ्यानं वाजवलं तर बाळ दचकू शकतं. ज्या लाथेवर टाळ्या पडल्या, ती तशीच असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

शिबिरात मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं नाव फार घेतलं होतं. त्याचं संगीत ऐकून बुद्धी वाढते हा दावा ज्या १९९३ च्या प्रयोगावरून करतात, तो कॉलेजच्या ३६ मुलामुलींवर झाला होता. दहा मिनिटं संगीत ऐकवलं, आणि आकृत्यांच्या कोड्यांमधला फायदा पाव तासात ओसरला. त्यात गरोदर बाई एकही नव्हती. फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ऐकवलेली बालगीताची धून बाळांच्या मेंदूला जन्मानंतर ओळखीची वाटली, चार महिन्यांनीसुद्धा. किती सुंदर गोष्ट आहे ही! पण बाळं त्यामुळे हुशार झाली, असं त्यात कुठेही नाही.

मला सगळ्यात जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. माझं हिमोग्लोबिन तेव्हा ९.२, म्हणजे कमी होतं. गोळ्यांनी मळमळतं म्हटल्यावर त्याच बाई म्हणाल्या, "राग ऐका, रक्त आपोआप वाढेल." तीन आठवडे मी लोहाच्या गोळ्या घेतल्या नाहीत. बाळाच्या मेंदूला खरोखर लागतं ते लोह!

पैसे परत मागितले तेव्हा पावती नीट वाचली. 'संस्कार साहित्य' एवढंच लिहिलेलं. मेंदूचा उल्लेखच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. तिथेही मला विचारलं, दावा लेखी आहे का? नव्हता.

जावेला मी तेवढंच सांगितलं, जे म्हणताहेत ते व्हॉट्सॲपवर लिहून माग. तिनं मागितलं. "ते फोनवरच सांगतो ताई," असं उत्तर आलं.