काठावर पास: शनिवारच्या राउंडला स्ट्रोक प्ले की स्टेबलफोर्ड?

ऑफिसमधल्या एकाने विचारलं, आमचा चौघांचा गोल्फचा ग्रुप जमलाय, सगळ्यांचे हँडिकॅप (अठरा होलमध्ये मिळणारी स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची सूट) पण आले, आता दर शनिवारी स्ट्रोक प्ले खेळायचं का स्टेबलफोर्ड? मी म्हटलं संध्याकाळी दोन ओळी पाठवतो, आणि लिहायला बसलो तर हे एवढं झालं. माझा हँडिकॅप २२ च्या आसपास घुटमळतोय, आधी सहा-सात वर्षं नुसता स्ट्रोक प्ले खेळलो आणि गेली काही वर्षं बहुतेक शनिवारी स्टेबलफोर्ड, त्यामुळे हे सगळं त्या लेव्हलवरून लिहिलंय. सिंगल हँडिकॅपवाल्यांना (दहाच्या आतल्या) वेगळं वाटू शकतं, त्यांचं गणितच वेगळं असतं. थोडक्यात, स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या होलचे मिळून फटके मोजायचे, कमी तेवढे चांगले. स्टेबलफोर्डमध्ये प्रत्येक होलला पॉइंट: हँडिकॅपचे स्ट्रोक वजा करून (त्याला नेट म्हणतात) पार, म्हणजे त्या होलचे ठरलेले फटके, आला तर दोन, एक जास्त (बोगी) तर एक, दोन किंवा त्याहून जास्त (डबल बोगी) तर भोपळा, पारपेक्षा कमीत केलं तर दोनाहून जास्त, आणि जितके पॉइंट जास्त तितकं चांगलं.

आधी स्ट्रोक प्लेच्या बाजूने बोलतो, कारण मी शेवटी कुठे जाणार ते तुम्हाला तसंही कळेलच. स्ट्रोक प्लेमध्ये हातात एक आकडा येतो आणि तो कुणालाही सांगता येतो. मी पहिल्यांदा शंभरच्या आत आलो, ९९, तेव्हा शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, दोन फुटाचा पट (होलमध्ये ढकलायचा हलका फटका) होता आणि तो मारताना हात असे थरथरत होते की विचारू नका, कारण तिथे कुणी "राहू दे रे, दिला" म्हणू शकत नाही, बॉल होलमध्ये गेल्याशिवाय सुटका नाही. तो पट गेला तेव्हाचा आवाज अजून आठवतो. स्टेबलफोर्डमध्ये मला इतक्या वर्षांत तसं कधी झालेलं नाही, हे कबूल करतो. चांगले ३८-३९ पॉइंट आले तरी हात थरथरत नाहीत.

आणि ज्यांना पुढे खरंच स्पर्धा खेळायच्या आहेत, किंवा ज्यांची मुलं ज्युनिअरमध्ये खेळतात, त्यांना पर्याय नाहीच. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तो चार दिवस ७२ होलचा स्ट्रोक प्लेच होता. प्रो टूरवर एखाददुसरी टुर्नामेंट सुधारित स्टेबलफोर्डने झालेली आहे, अमेरिकेतली बराकुडा चॅम्पियनशिप काही वर्षं तशी खेळली गेली, पण ते अपवाद.

आता खरं सांगायचं तर शनिवारी सकाळी जो स्ट्रोक प्ले चालतो तो स्ट्रोक प्ले असतो का? पहिल्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) एक मलिगन, म्हणजे न मोजता परत मारायची मुभा, कारण अजून अंग मोकळं झालेलं नाही. ग्रीनवर तीन फुटापर्यंत सगळं गिमी, म्हणजे न मारताच गेला असं धरायचं. बॉल हरवला की तिथेच कुठेतरी दुसरा बॉल ड्रॉप आणि "एक पेनल्टी धर". आणि मग चहा घेताना मोठ्या आवाजात "आज ९१!" असला ९१ म्हणजे घरच्या वजनकाट्यावर एक पाय जमिनीला टेकवून घेतलेलं वजन. मीही घेतलंय, त्यात काय लपवायचं. पण मग आकडा खरा असतो हा जो स्ट्रोक प्लेचा मोठा गुण, तोच राहत नाही.

म्हणून मध्यंतरी आम्ही ठरवलं की खेळायचं तर नियमाने. मलिगन नाही, गिमी नाही. आणि त्याच सीझनमध्ये माझं मन फिरलं, त्याची गोष्ट सांगतो.

ऑगस्टचा महिना होता, भुरभुर पाऊस, रफ, म्हणजे कडेचं गवत, एवढं वाढलेलं की बूट दिसत नव्हता. पहिले नऊ होल मी ४५ मध्ये केले होते, माझ्या मानाने फारच छान, डोक्यात ९०-९१ चे हिशेब सुरू झालेले. अकरावा होल पार ४, उजवीकडे झाडी. ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला फटका, तिकडेच गेला, पण फार आत नाही असं वाटलं. आमचे कॅडी, वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात, ते म्हणाले "साहेब, अजून एक मारून ठेवा." मी म्हटलं, सापडेल हो मामा, समोरच तर आहे. नाही सापडला. शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ च्या नियमांपासून तीन, आणि ती तीन मिनिटं आम्ही चौघं आणि कॅडी गवतात पाय फिरवत होतो, वरून एक टिटवी आमच्याच डोक्यावर ओरडत होती कारण तिची पिल्लं तिथेच कुठेतरी असणार. वेळ संपली. आता नियम काय, तर परत टीवर जा आणि, पहिला फटका अधिक एक पेनल्टी धरून, तिसरा मारा.

हा जो परत टीवर जायचा प्रकार आहे ना, त्याच्यावर माझा सगळा राग आहे. साधारण दोनशे यार्ड, एकट्याने, हातात ड्रायव्हर घेऊन उलट चालायचं. समोर टीवर मागचा ग्रुप येऊन उभा. एकजण ड्रायव्हरवर रेलून, एकजण हाताची घडी घालून, एकजण उगाच ग्लोव्ह काढतोय घालतोय. आपण जसजसे जवळ जातो तसतसे ते बाजूला सरकून वाट देतात, आणि त्यातला एक अगदी गोड आवाजात म्हणतो, "चालू द्या तुमचं, आम्हाला काही घाई नाही." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. अशा वेळी मारलेला शॉट कसा जाणार? डावीकडे रफमध्ये गेला. चौथा अर्धवट लागला, पाचवा तळ्यात, सहावा पेनल्टी, सातवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), आठवा ग्रीनवर आणि तीन पट. अकराव्या होलवर ११.

शेवटचे सात होल मी खेळलो की नुसता चाललो, मला माहीत नाही. खरं तर वाईट खेळलो नाही, पण एकही शॉट आठवत नाही, कारण डोक्यात सारखं तेच, मामांचं का ऐकलं नाही. एकूण ९८. घरी जाताना गाडीत गप्प.

संध्याकाळी ते कार्ड घेऊन बसलो आणि गंमत म्हणून तेच स्टेबलफोर्डने मोजलं. अकराव्यावर अर्थातच भोपळा. बाकीच्या सतरा होलचे मिळून ८७, त्या सतरांचा पार ६८, म्हणजे १९ जास्त, आणि त्या होलवर मला मिळणारे स्ट्रोक २१ (बाविसातला एक अकराव्याचा). नेट डबल बोगी दुसरीकडे कुठेच नव्हती. म्हणजे सतरा होलचे ३४ आणि वर दोन, एकूण ३६ पॉइंट. ३६ म्हणजे बरोबर हँडिकॅपइतकं खेळलो! तेच कार्ड, तोच घाम, तीच टिटवी, आणि एका पद्धतीने दिवस वाया गेला तर दुसऱ्या पद्धतीने अख्ख्या महिन्यातला सगळ्यात चांगला राउंड.

बायकोला उत्साहाने सांगितलं, ३६ आले. ती म्हणाली, "छत्तीस? म्हणजे काठावर पास." आपल्याकडे पस्तिसाला पास, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. पण हँडिकॅप काढतात तो शेवटच्या २० राउंडमधल्या सगळ्यात चांगल्या ८ वरून, त्यामुळे ३६ हा आपला नेहमीचा नसून चांगला दिवस असतो, हे तिला समजावेपर्यंत पोळ्या झाल्या होत्या. स्टेबलफोर्डची ही अडचण मात्र खरी आहे. गोल्फ न खेळणाऱ्याला ते सांगून काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री लक्षात आली. २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात हँडिकॅपसाठी स्कोअर भरताना प्रत्येक होलला नेट डबल बोगीची मर्यादा असते. म्हणजे माझा पार ४, अधिक दोन, अधिक माझा एक स्ट्रोक, झाले ७. माझे ११ तिथे ७ म्हणूनच धरले जातात आणि ९८ चे होतात ९४. आणि स्टेबलफोर्डमध्ये भोपळा कुठे मिळतो? नेट डबल बोगीलाच. म्हणजे ज्यांचं कामच माझा खेळ मोजायचं आहे त्यांनाही ते वरचे चार स्ट्रोक नकोयत, मग मी का शनिवारभर ते डोक्यावर घेऊन फिरू?

ज्याने हे काढलं तो माणूस डॉक्टर होता, सर्जन, फ्रँक स्टेबलफोर्ड. लिव्हरपूलच्या पलीकडे मर्सी नदीच्या तोंडाशी वॉलेसी म्हणून क्लब आहे, समुद्रावरून असा वारा की लांबचे होल साध्या मेंबरांच्या आवाक्याबाहेर, सुरुवातीलाच कार्डाची वाट लागायची आणि पुढचे सगळे होल नाउमेद होऊन खेळायचे. १८९८ मध्ये वेल्समध्ये त्याने असा काहीतरी प्रयोग करून बघितला होता, पण नीट स्पर्धा झाली ती १६ मे १९३२ ला वॉलेसीत. आपल्याकडे वारा नाही तर पाऊस आणि गवत, दुखणं तेच.

आता स्टेबलफोर्डच्या खोड्याही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पहिली म्हणजे हिशेब. कुठल्या होलला एक स्ट्रोक, कुठल्या चार होलला दोन, हे टी-ऑफच्या आधी कार्डावर टिंबं काढून ठेवलं नाही तर प्रत्येक ग्रीनवर चर्चासत्र होतं. आमच्यात एक सीए आहे, तुमच्यात नसेल तर फोनवर अ‍ॅप घ्या. दुसरी खोड, बॉल उचलायची सवय लागते. जरा बिघडलं की "सोड, भोपळा" म्हणून खिशात. मीही सुरुवातीला फार उचलायचो, मग कळलं की एक पॉइंट अजून शिल्लक असताना उचललाय. आणि बेफिकिरी वाढते हे पण आहे, तळ्यावरून तीन नंबरचा वूड (लांब मारायची काठी) मारायचा मोह स्ट्रोक प्लेमध्ये माणूस आवरतो, इथे म्हणतो जास्तीत जास्त काय होईल, दोन पॉइंट जातील. तिसरं म्हणजे हँडिकॅप मुद्दाम वाढलेला ठेवणारे लोक. एरवी खेळतात ठीकठाक आणि बक्षीस असलं की ४३ पॉइंट. पण ते नेट स्ट्रोक प्लेमध्ये पण हेच करतात, तेव्हा त्याचं खापर स्टेबलफोर्डवर फोडणं बरोबर नाही असं मला वाटतं.

मधला मार्ग म्हणून लोक मॅक्सिमम स्कोअर सुचवतात, २०१९ च्या नियमांमध्ये त्याला वेगळी जागा दिली आहे, होलला ठरलेल्या आकड्यापुढे मोजायचंच नाही. वाईट नाही, आणि ज्यांना एकूण आकडा हवाच आहे त्यांनी जरूर करून बघावा. परत टीवर जायला नको म्हणून दोन पेनल्टी घेऊन पुढेच ड्रॉप करायचा लोकल रूलही तेव्हापासून लावता येतो. आम्ही लावला होता, पण बॉल नक्की कुठे हरवला असावा यावर प्रत्येक वेळी चौघांची चार मतं, आणि ज्याचा बॉल हरवलाय त्याचं मत नेहमी ग्रीनच्या सगळ्यात जवळचं. मॅच प्ले (एकेक होल समोरासमोर जिंकायचा) मला आवडतो, पण तो दोघांचा खेळ, एखादा आयत्या वेळी आला नाही की सगळं विस्कटतं.

तुमच्या चौघांचे हँडिकॅप किती किती आहेत ते मला माहीत नाही. सगळे १० ते १४ मध्ये असाल, बॉल फारसे हरवत नसाल, तर स्ट्रोक प्ले खेळा, मजा येईल आणि सुधाराल पण लवकर. पण एक ९ चा आणि एक ३४ चा असं असेल, आणि नवीन ग्रुपमध्ये बहुतेक असंच असतं, तर ३४ वाल्याला शेवटच्या होलपर्यंत काहीतरी खेळायला उरलं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत त्याला शनिवारी कामं निघायला लागतात. आमच्याकडे असे दोघं गळाले होते, स्टेबलफोर्ड सुरू केल्यावर एक परत आला. दुसऱ्याने बॅडमिंटन धरलं.

वेळेचं मी घड्याळ लावून काही बघितलेलं नाही, पण पूर्वी आमचा चहा गार व्हायचा आणि आता कँटीनवाला ऑर्डर घ्यायच्या आत आम्ही येतो, एवढं सांगू शकतो. आणि गाडीत बोलणं बदललंय. पूर्वी प्रत्येकजण आपापला सत्यानाश सांगायचा, आता कोणीतरी तेराव्यावर बंकरमधून काढलेले तीन पॉइंट चौथ्यांदा सांगत असतो, आणि आम्ही ऐकतो.

तरी महिन्यातून एकदा क्लबची मेडलची स्पर्धा असते, त्या दिवशी मी स्ट्रोक प्ले खेळतोच, ती दोन फुटाच्या पटाची थरथर अधूनमधून हवीशी वाटते म्हणा ना. फक्त अकराव्या टीवर खिशात दुसरा बॉल तयार असतो, आणि ड्राइव्ह जरा जरी उजवीकडे वळला तरी मामांनी तोंड उघडायच्या आत मी प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवलाच तर म्हणून दुसरा बॉल, मारून मोकळा होतो.