ऑफिस नव्याने मांडायचं, जागा दिवसावर घ्यायची, की सोडूनच द्यायचं?

टीम घरून काम करते, ऑफिस ओस पडलंय आणि भाडेकरार संपत आलाय. अशा वेळी तीन वाटा दिसतात. आहे ती जागा भेटीगाठींसाठी नव्याने मांडायची, लागेल त्या दिवशी को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सामायिक ऑफिसात, हॉल घ्यायचा, किंवा ऑफिस सोडून वर्षातून एकदोनदा सगळ्यांना कुठेतरी एकत्र बोलवायचं.

पहिल्या वाटेवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्तच बोलणार.

आम्ही चाळीस डेस्क काढले, मधल्या भिंती पाडल्या, सोफे टाकले. पहिल्याच मंगळवारी अकरा जण आले आणि अकराही जण हेडफोन लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, घरी बसलेल्यांशी कॉलवर. एक जण जिन्यात उभा राहून बोलत होता, कारण दार लावून घेता येईल अशी खोलीच उरली नव्हती. सोफ्यांजवळ प्लग पॉइंट नव्हते. बॅटऱ्या संपल्या तसे लोक घरी निघाले. फर्निचर चुकलं होतंच, पण त्याआधी कोण कोणत्या दिवशी येणार हेच कुणी ठरवलं नव्हतं.

भिंती पाडल्या की माणसं आपोआप बोलू लागतात, या समजावर आम्ही बराच खर्च केला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी ओपन ऑफिसात गेलेल्या कर्मचाऱ्यांना सेन्सर लावून मोजणी केली. समोरासमोरचं बोलणं साधारण 70 टक्क्यांनी घटलं होतं, आणि ईमेल वाढले होते. दुसरीकडे, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातले प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकातच दाखवलं होतं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने आटतं. मी यातून घेतलं ते इतकंच: माणसं जवळ बसवा, पण आडोसाही द्या. म्हणून नव्याने मांडणार असाल तर पैसे आधी आवाज शोषणाऱ्या छतावर, चाकांच्या टेबलांवर आणि एक-दोन माणसांच्या बंद केबिनवर घाला. सोफे सगळ्यात शेवटी. आणि बैठकीत एक जरी माणूस घरून जोडलेला असेल, तर चांगला माइक हवाच. नाहीतर त्याला फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू येतो.

ऑनलाइन फाइल साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने ऑक्टोबर 2020 मध्ये घरून काम हाच मुख्य नियम केला तेव्हा ऑफिसांना ‘स्टुडिओ’ म्हटलं, आणि एकट्याचं काम तिथे करायचं नाही असंही ठरवलं. नाव बदलणं सोपं आहे; मला त्यांचा तो नियम जास्त महत्त्वाचा वाटतो.

को-वर्किंगचा फायदा उघड आहे: रिकाम्या दिवसांचं भाडं नाही, साफसफाई आणि इंटरनेट दुसऱ्याच्या गळ्यात. तोटा दुसऱ्या दिवशी कळतो. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या संध्याकाळी उतरवाव्या लागतात, आणि दोन दिवसांच्या कामाची लय तिथेच तुटते. गोपनीय काम असेल तर तिथल्या खोल्या बहुधा काचेच्या असतात, हे आधीच लक्षात घ्या.

तिसरी वाट वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक या कंपनीने धरली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या प्रशस्त ऑफिसात फारसं कुणी येतच नव्हतं, म्हणून 2017 मध्ये त्यांनी ते बंद करायचं ठरवलं. सगळ्या कंपनीचा मोठा मेळावा मात्र ते आधीपासून भरवत होते. माणसं अनेक देशांत विखुरलेली असतील तर हेच शहाणपणाचं. फक्त ज्यांच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांना चार दिवस बाहेर राहणं जमत नाही, आणि नेमके तेच दरवेळी मागे राहतात.

माझं मत विचाराल तर, निम्म्याहून जास्त लोक तासाभराच्या अंतरावर असतील आणि महिन्यातून किमान दोनदा एकाच दिवशी येणार असतील, तरच नव्याने मांडा. येणारे पंधराच्या आत असतील तर को-वर्किंग पुरतं.

आणि भिंतीला हात लावण्याआधी सहा आठवडे आहे त्याच ऑफिसात तालीम करा. डेस्क एका बाजूला सरकवा, दिवस ठरवा, आणि चौथ्या आठवड्यानंतरही कोण येतं त्याची रोज नोंद ठेवा. आम्ही ती नोंद उशिरा ठेवली. मग अर्धा मजला परत दिला.