स्लोवर न टिकणारी जुनी चेनसॉ: किट टाकावं, कार्बोरेटर बदलावा की नवी मशीन घ्यावी?

संत्र्याची तोड झाली की सल (झाडावरच्या वाळलेल्या फांद्या) काढायचं काम निघतं आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली चेनसॉ आठवते. दोरी ओढली, मशीन सुरू झाली, रेस दिली तर लाकूडही कापते. पण बोट सोडलं की बंद. नाहीतर उलटं: बोट सोडून दिलं तरी चेन फिरतच राहते. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडचे बागाईतदार अशी मशीन गाडीत टाकून नागपूरला आणतात, आणि दुकानात पहिला प्रश्न हाच असतो की हिला दुरुस्त करू की नवी घेऊ.

माझं मत स्पष्ट आहे. आधी पैशाचा हिशेब मांडू नका. बिघाड पेट्रोलच्या वाटेवर आहे की हवेच्या, एवढं आधी ओळखा. पुढचा निर्णय त्यावरच ठरतो.

पेट्रोलच्या वाटेचा बिघाड असा दिसतो: चोक दिला की मशीन धरते, चोक काढला की मरते. म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. किंवा सुरू होऊन धूर काढते, गुदमरते, प्लग काढून पाहिला तर ओला. म्हणजे कार्बोरेटरमधली सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल जास्त उतरतंय. हवेच्या वाटेचा बिघाड वेगळा. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं. थंड असताना बरं चालतं, गरम झालं की आपोआप चढतं. मशीन आडवी केली की आवाज बदलतो. अशी लक्षणं दिसली तर इनटेकचं रबर तडकलंय किंवा क्रँकचं ऑइल सील (इंजिनच्या दांड्याभोवतीची हवाबंद रबरी कडी) गेलंय, असा संशय घ्या.

आणि एक तिसरी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. इंजिन स्लोवर (रेस न देता मंद चालीवर) शांत चालू आहे आणि तरी चेन फिरते, तर कार्बोरेटरला हात लावू नका. बहुधा क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. स्वस्तातला भाग आहे, पण तशीच मशीन वापरणं जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात आधी फुकटात होणारं काम करा. जुनं पेट्रोल ओतून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळाभर टाकीत राहिलेल्या मिश्रणावर मशीन नीट चालेल ही आशा ठेवू नका. ताजं पेट्रोल, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, आणि प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल ते; ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. टाकीतला फिल्टर बदला, एअर फिल्टर धुवा, प्लगचा गॅप ०.५ मिमी करा, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तर साफ करा. टाकीचं झाकण जरा सैल करून मशीन चालली, तर टाकीचा श्वास (हवा आत घेणारं भोक) बंद आहे. खर्च जवळपास शून्य.

एवढं करूनही स्लो धरत नसेल, तेव्हा खरा प्रश्न येतो: किट (कार्बोरेटरच्या आतल्या सुट्या भागांचा संच) की नवा कार्बोरेटर?

बहुतेक चेनसॉत वॉलब्रो किंवा झामाचा डायफ्राम कार्बोरेटर असतो. बॉडीवर नंबर कोरलेला असतो, किट त्या नंबरावरच मागा. आत रबराचा पातळ पडदा आहे, तो इंजिनच्या ओढीने हलतो आणि सुई उघडतो. वर्षं गेली की पडदा कडक होतो, हाताला पापडासारखा लागतो, आणि स्लोवर ओढ कमी असल्याने तिथेच पहिला दगा देतो. म्हणूनच मशीन रेसवर चालते आणि स्लोवर मरते. किट काही शेकड्यांत येतं. पडदे, गॅस्केट, सुई, स्प्रिंग सगळं त्यात असतं. उघडताना भागांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवा. पडद्यावर क्लीनर मारू नका, आणि बारीक भोकांत तार घालू नका. भोक जरा मोठं झालं की ती बॉडी वाया गेली.

ऑनलाइन मिळणारा नकली कार्बोरेटर वेळ वाचवतो, हे खरं. पण त्यात भोकांचं माप मूळ बॉडीसारखं असेलच असं नाही. मग स्लो जमते तर रेस घेताना मशीन अडखळते. मूळ बॉडी झिजलेली किंवा गंजलेली नसेल तर मी किटच निवडेन. बॉडीच गेली असेल आणि मूळ कंपनीचा कार्बोरेटर मिळत असेल, तर तो घ्यावा. नकली तिसऱ्या नंबरावर, तोही चिनी बनावटीच्या मशीनसाठी.

स्क्रूविषयी मला कळकळीने सांगायचंय. एल (कमी वेगाचं पेट्रोल), एच (जास्त वेगाचं पेट्रोल) आणि टी (स्लोचा वेग) असे सहसा तीन स्क्रू असतात. माझ्या एका मशीनवर एका मेकॅनिकने कारण न शोधता टी आवळून स्लो चढवली आणि एच आत घेतला. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, त्यामुळे तेल कमी पोचलं, पिस्टनवर ओरखडे पडले. म्हणून स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे झाले ते लिहा, मग परत तितकाच उघडा. नवं किट टाकल्यावर एलने सर्वांत स्थिर चाल शोधा, जरा उघडा, आणि शेवटी टीने स्लो इतकी ठेवा की इंजिन चालेल पण चेन फिरणार नाही. साधारण मिनिटाला इंजिनचे २५०० ते ३००० फेरे. पुस्तकात असेल तो आकडा अंतिम.

आता सील. इथे हिशेब बदलतो. सील गेलं असेल तर किटने काही होणार नाही, उलट मशीन पातळ मिश्रणावर जळेल. क्लच उलट्या आट्यांचा असतो, फ्लायव्हील काढावं लागतं, आणि नेमकी गळती शोधायला दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही तपासावे लागतात. घरी पहिल्यांदाच करणार असाल तर द्या जाणकाराला. पण त्याच्याकडे हा दाब-व्हॅक्यूम तपासायचा पंप-गेज आहे का, हे आधी विचारा. नुसतं कान लावून सांगणाऱ्याकडे मशीन देऊ नका. लकडगंजात आरागिरण्यांच्या आसपास विचारलं तर असं काम करणाऱ्या माणसाचा पत्ता लागेल.

सीलवर खर्च करण्याआधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहा. उभे ओरखडे नाहीत, आणि दोरीला धरून लटकवली तर मशीन झटक्याने न पडता टप्प्याटप्प्याने खाली येते, तर जुनी कंपनीची मशीन वाचवण्याजोगी आहे. पिस्टन, सिलिंडर आणि सील तिन्ही गेले असतील तर दुरुस्ती थांबवा, नवी घ्या.

नवी घ्यायची तर नुसती सल काढायला १४-१६ इंची पाती पुरे. धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ कापायची असेल तरच मोठी. ज्या ब्रँडचे पार्ट नागपुरात मिळतात, तोच घ्या. स्वस्त मशीन पहिल्या वर्षी चालते आणि दुसऱ्या वर्षी तिचा कार्बोरेटर शोधत फिरावं लागतं. बॅटरीवरची हलक्या फांद्यांना छान, पण मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी चार्जर लगेच घेत नाही.

नवी असो की दुरुस्त केलेली, मेमध्ये ४५ अंशांत स्क्रू जमवले असतील तर डिसेंबरात पुन्हा तपासा. थंडीची हवा दाट असते, त्यामुळे तीच सेटिंग पातळ पडते. काम सुरू करण्याआधी दोन मिनिटं गरम करा, बोट सोडा आणि चेन थांबते का ते पाहा.