खंड्याचं लंगडणं आणि हाडं दाबून बघणाऱ्या डॉक्टर मॅडम

मी वर्तकनगरला पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे साडेचारला कणीक मळायला उभी राहते ती दुपारी दोनपर्यंत, त्यामुळे असं काही लिहायला बसणं माझ्याकडून होत नाही. पण गेले चार महिने ज्या काळजीत काढले, त्याच काळजीत ठाण्यात आणखी कोणी असेल, म्हणून प्राण्यांच्या या दवाखान्याबद्दल बैजवार लिहिते आहे.

आमचा खंड्या जर्मन शेफर्ड, नर. दोन महिन्यांचा असताना धाकट्याने आणला. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो पुढचा डावा पाय उचलूनच. तेव्हा साडेसात महिन्यांचा होता. कुठे पडला नव्हता, काच लागली नव्हती. मी पंजाची बोटं फाकवून बघितली, नखं बघितली, काटा नाही, सूज नाही. रोज उपवन तलावाला दोन चकरा मारणारा कुत्रा गेटपर्यंत गेला आणि खाली बसला.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे त्याला टेबलावरही घेतलं नाही. ‘मुरगळलाय’ म्हणाले, इंजेक्शन दिलं, कॅल्शियमची मोठी बाटली लिहून दिली. चार दिवसांत पाय टेकवायला लागला. मला वाटलं, सुटलो. मग पितृपक्षात मागचा उजवा पाय धरला. पुन्हा इंजेक्शन. घटस्थापनेनंतर पुढचा उजवा. तिसऱ्या खेपेला मला सांगितलं की खुब्यात दोष असणार, ऑपरेशनच्या तयारीत राहा. खुब्याचा दोष पुढच्या पायात कसा दिसेल, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. त्या रात्री खंड्या माझ्या खाटेखाली कण्हत होता आणि मी वर जागी होते.

डबा न्यायला येणाऱ्या एका मुलीने या मॅडमचं नाव सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गेलो. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून नाही म्हटलं, तिसऱ्याने सीटवर गोणपाट टाकून घेतलं.

मॅडमनी आधी खंड्याला हात लावलाच नाही. त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवायला सांगितलं, जाताना एकदा, येताना एकदा, आणि स्वतः खाली उकिडव्या बसून त्याची मान कशी हलते ते बघत राहिल्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना कुत्रा मान वर उचलतो, हे मला तेव्हा कळलं. मग विचारलं, ‘ताई, कोणता पाय कधी धरला, नीट आठवून सांगा.’ तारखा मला पाठ होत्या, कारण प्रत्येक वेळी हातात मोठी ऑर्डर होती. डाव्या पायाच्या वेळी गौरीच्या पुरणपोळ्या नुकत्याच संपल्या होत्या, मागच्याच्या वेळी एका घरचं श्राद्धाचं जेवण होतं, आणि उजव्याच्या वेळी नवरात्राच्या उपासाची थालीपीठं. त्यांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. कोणी माझं बोलणं लिहून घेतंय एवढ्यानेच मला बरं वाटलं.

मग तपासणी. खंड्याला आडवा निजवला, मी डोकं धरलं. त्यांनी आधी सगळे सांधे एकेक करून वाकवले, ताणले, फिरवले. कोपर, खांदा, गुडघा, खुबा. खंड्या गप्प. त्यानंतर अंगठ्याने हाडाच्या मधोमध दाबत निघाल्या. मांस बाजूला सारून थेट हाडावर, बोटभर पुढे, पुन्हा दाब. मागचे पाय झाले. पुढच्या उजव्या पायावर, कोपराच्या वर हाडाच्या मध्यावर अंगठा गेला आणि खंड्या असा केकाटला की बाहेरचे लोक आत डोकावले. मॅडम लगेच थांबल्या, त्याच्या कानामागे खाजवलं आणि मला म्हणाल्या, ‘सांधा दुखत नाही. हाड दुखतंय. हा फार मोठा फरक आहे.’

त्या आजाराला पॅनऑस्टिआयटिस म्हणतात. मॅडम नुसतं ‘पॅनो’ म्हणतात. वाढत्या वयाच्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होतो, जर्मन शेफर्डला सगळ्यात जास्त, आणि माद्यांपेक्षा नरांना अधिक. साधारण पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं वय. लांब हाडांच्या आतल्या पोकळीत दाह होतो, दुखतं, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप उतरतं आणि मग दुसऱ्याच पायात निघतं. नेमकं कशामुळे होतं ते अजून सापडलेलं नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. आणि हे सांगितलं की यातून कुत्रा पांगळा होत नाही. मी तिथेच स्टुलावर बसले.

पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे. म्हणाल्या, आपल्याकडे पाय बदलून लंगडणाऱ्या कुत्र्याचं रक्त तपासल्याशिवाय पॅनो म्हणायचं नाही, कारण गोचीड तापातही असंच होतं. खंड्याच्या कानात गणपतीच्या आधी दोन गोचिड्या सापडल्या होत्या, ते मी तोवर बोललेच नव्हते. रक्त घेतलं, प्लेटलेट बघितल्या, काचपट्टीवर थेंब घेऊन तपासला. सगळं ठीक निघालं. मनगटाच्या वर सूज आहे का, अंगात ताप आहे का, हेही बघितलं. तसं असतं तर तो हाडांचा दुसराच, जास्त गंभीर आजार निघू शकला असता. आणि खुबा किंवा कोपर फिरवताना दुखलं असतं तर आम्हाला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला पाठवणार होत्या.

एक्सरेची गोष्ट मला आजही नवल वाटते. दसऱ्यानंतर काढायला सांगितला तो दोन्ही पुढच्या पायांचा. मी म्हटलं, डावा तर बरा झालाय, त्याचा खर्च कशाला? मॅडम म्हणाल्या, पॅनोचे डाग एक्सरेत उशिरा उमटतात. उजवा आत्ता दुखतोय, त्यात कदाचित काहीच दिसणार नाही. तसंच झालं. दुखणाऱ्या उजव्या पायाचा फोटो जवळजवळ स्वच्छ होता, आणि महिन्यापूर्वी दुखलेल्या डाव्यात हाडाच्या पोकळीत धुरकट पांढरे ठिपके होते, काळ्या तव्यावर पीठ सांडावं तसे. त्यांनी माझ्या तारखांचा कागद शेजारी ठेवून मला दाखवलं. फक्त उजव्याचा काढला असता तर ‘काही नाही’ म्हणून आम्ही घरी आलो असतो.

उपचार अगदी थोडे. पाच दिवस मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध, वजन करून ठरवलेल्या मापाने, पोट भरल्यावर. उलटी झाली किंवा शी काळी झाली तर लगेच बंद करून फोन करायचा. बाकी विश्रांती. पट्ट्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, मऊ मातीवर. जिने नाहीत, सोफ्यावरून उड्या नाहीत.

माझा दीर मुरबाडहून आला होता. तो म्हणाला, एवढं कशाला, मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून द्या, आमच्या गुरांना पूर्वी तेच टोचायचे. मी पुढच्या खेपेला त्याला सोबत नेलं. मॅडमनी त्याला समजावलं की माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाहीत, डायक्लोफेनॅक नाही, आयब्युप्रोफेन नाही, पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नाही. आणि गुरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ सालीच बंद झालं, कारण ते टोचलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित म्हणून जे पुढे आलं, ते हेच मेलॉक्सिकॅम. दिराने लहानपणी गिधाडांचे थवे बघितलेत. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि नंतर पुन्हा गोळीचं नावही काढलं नाही.

खाण्याबद्दल मला बोलणी बसली, आणि ती बरोबर होती. केंद्रात उरलेल्या पोळ्या, वर तूप, पायांचं सूप, आणि त्यावर कॅल्शियम. साडेआठ महिन्यांत खंड्या एकतीस किलो झाला होता. मॅडमनी माझा हात धरून त्याच्या बरगड्यांवर फिरवला. बोटांना बरगड्या लागायला हव्यात, लागत नव्हत्या. कॅल्शियम त्याच दिवशी बंद. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या शरीराला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, जास्तीचं कॅल्शियम नको म्हणून अडवता येत नाही, दिलं तेवढं अंगात शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. चांगल्या तयार खाण्यात ते मोजून घातलेलं असतंच. कॅल्शियममुळेच पॅनो झाला असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, मी दोनदा विचारलं तरी. आता मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं मी मसाल्याच्या काट्यावर तोलून देते. कांद्या-लसणाच्या भाजीचा रस्सा तर त्याच्या भांड्याजवळही जात नाही, कुत्र्यांना तो बाधतो.

ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी चार रकाने आखलेत, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. मॅडमनीच सांगितलं होतं. कार्तिकी एकादशीच्या सुमारास मागचा डावा, नऊ दिवस. डिसेंबरात पुन्हा पुढचा उजवा, चार दिवस, तोही गोळीशिवाय गेला. फोनवर मी रकाने वाचून दाखवते आणि त्या सांगतात, यायची गरज आहे की नाही. डिसेंबरात ‘येऊ नका, पैसे वाचवा’ म्हणाल्या. पाय न बदलता एकच पाय तीन आठवडे दुखला, ताप आला, जेवण सोडलं किंवा कुठे सूज आली, तर मात्र लगेच आणायचं.

खर्च लिहिते, कारण मी स्वतः आधी तेच शोधत होते. तपासणी ६००, रक्त १,१००, दोन पायांचे एक्सरे १,८००, औषध दोनशेच्या आत. फोनचे पैसे घेतले नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. एक्सरेचं मशीन दवाखान्यात नाही, माजिवड्याला जावं लागलं, आणि घोडबंदर रोडच्या गर्दीत दुखरा कुत्रा रिक्षात तासभर धरून बसणं फार अवघड गेलं. बसायला चारच खुर्च्या, मांजरं आणि कुत्री एकाच खोलीत. वेळ सातची दिली तरी नंबर आठला लागतो. प्रत्येकाला त्या इतका वेळ देतात म्हणूनच उशीर होतो हे मला कळतं, तरी दुखणं घेऊन आलेल्या जनावराला तासभर ताटकळणं सोसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फरशी. गुळगुळीत, चकचकीत. लंगडा कुत्रा त्यावर घसरतो आणि दुसरा पायही दुखावून घेतो. मी हे मॅडमना सांगितलं आहे.

गुरुवारी बंद असतो. संध्याकाळी साडेसहाला पोचलात तर पहिल्या दोघांत नंबर लागतो. जाताना घरून गोणपाट किंवा जुनी सतरंजी न्या, दारापासून टेबलापर्यंत अंथरा आणि त्यावरून कुत्र्याला चालवा. मी तसंच करते.