पंप जुनाच, बिल मात्र नव्याचं

हे लिहायला मला आठ महिने लागले, कारण विषय ह्यांच्या लघवीचा आहे. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण ही गोष्ट आम्ही जवळच्या मित्रांनाही सांगितली नव्हती. या लाजेपायीच आम्ही फसलो. बिलाबद्दल विचारायचं तर परक्या माणसाला सगळं उघड सांगावं लागणार, त्यापेक्षा पैसे भरून मोकळं व्हावं असं वाटलं. शेवटी हेच म्हणाले, "लिही, बिलावरच्या कोडच्या आकड्यांसकट लिही."

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर ह्यांची लघवी आवरेना, म्हणून कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी अडवून धरणारं उपकरण, बसवला. त्याचे तीन भाग: मूत्रमार्गाभोवती कफ (तो आवळून धरणारा, द्रवाने भरलेला पट्टा), अंडकोशाच्या पिशवीत पंप आणि पोटात द्रवाचा छोटा फुगा. पंप दाबला की कफमधला द्रव फुग्यात जातो, कफ सैल पडतो, लघवी होते आणि काही मिनिटांत कफ आपोआप भरतो. दोन वर्षांत कफ गळायला लागला. पुन्हा ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन मला म्हणाले, "फक्त कफ बदललाय, बाकी सगळं छान चालतंय." हे ऐकून मला किती हायसं वाटलं होतं!

मग बिलं आली. सर्जनच्या बिलावर कोड ५३४४७ (कोणतं ऑपरेशन केलं हे सांगणारा आकडा), हॉस्पिटलच्या बिलात अख्ख्या उपकरणाची किंमत. पाठोपाठ फोन: इन्शुरन्सने मंजूर केलंय, तुमचा २० टक्के हिस्सा आजच कार्डाने भरलात तर सूट मिळेल, नाहीतर प्रकरण वसुलीकडे जाईल. मी त्याच फोनवर पैसे भरले.

सहा आठवड्यांनी पंप चालू करून घ्यायला गेलो, तर त्या भेटीचंही वेगळं बिल! तेव्हा मात्र मी पूर्वी वैद्यकीय बिलांच्या कोडिंगचं काम केलेल्या एका मैत्रिणीला सगळे कागद दाखवले. ती म्हणाली, या ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांतल्या सर्जनच्या नेहमीच्या तपासण्या ऑपरेशनच्या फीमध्येच धरलेल्या असतात. आणि मग तिने विचारलं, "पंप बदलला होता का गं?"

५३४४७ म्हणजे जुनं सगळं काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवं सगळं बसवणं. नुसतं काढलं आणि नवं बसवलं नाही तर ५३४४६. संसर्ग झालेल्या जागेतून काढून लगेच नवं बसवलं तर ५३४४८. आमच्यासारखी दुरुस्ती असेल तर ५३४४९. निदानाचा कोड टी८३.१११ए, म्हणजे बसवलेल्या स्फिंक्टरमधला यांत्रिक बिघाड, बिघाडाशी जुळणारा होता. म्हणूनच इन्शुरन्सवाल्यांना काही खटकलं नसावं.

तिच्या सांगण्यावरून मी दोन गोष्टी मागितल्या: ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटच्या स्टिकर्सचं पान. शरीरात बसवलेल्या भागांचे सीरियल नंबर असलेले स्टिकर फाइलमध्ये लावतात. ऑफिसने आधी "हे आमचे अंतर्गत कागद" म्हणून टाळलं. ते खरं नव्हतं. १९९६ च्या हिपा या अमेरिकेतल्या कायद्याखाली स्वतःची वैद्यकीय नोंद मागायचा पेशंटला हक्क आहे, आणि साधारण ३० दिवसांत ती द्यावी लागते. मी ह्यांच्या सहीने लेखी अर्ज केला. पानावर एकच स्टिकर होता, कफचा. नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं की पंप आणि फुगा तपासले, नीट चालतात, जागेवरच ठेवले. ह्यांच्या अंगात जुनाच पंप, आणि आम्ही नव्याचे पैसे भरलेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन्ही कागद जोडून इन्शुरन्सच्या फसवणूक तपास विभागाला पत्र पाठवलं. सर्जनच्या ऑफिसने कोड बदलून ५३४४९ केला, फरकाचे पैसे परत दिले, त्या भेटीचं बिलही रद्द केलं. "चुकून झालं," एवढंच म्हणाले. पण चूक होती तर कागद मागितल्यावर टाळाटाळ का केली?

हॉस्पिटलशी भांडण अजून चालू आहे. लवकर बिघडलेला भाग कधीकधी कंपनी वॉरंटीत बदलून देते किंवा त्याचे पैसे हॉस्पिटलला परत करते. मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, पेशंटच्या बाबतीत ही परतफेड उपकरणाच्या किमतीच्या ५० टक्के किंवा जास्त असेल, तर हॉस्पिटलला ती बिलावर दाखवावीच लागते. आमचा इन्शुरन्स खासगी, म्हणून मी सरळ लेखी विचारलं: हा कफ तुम्हाला विकत पडला की फुकट मिळाला? तीन पत्रं झाली, उत्तर अजून आलेलं नाही.